आवर्ती दशांश, अपूर्णांक आणि शाब्दिक उदाहरणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववीच्या बीजगणितात ‘वास्तव संख्या’ हे प्रकरण आले की हे प्रश्न सुरू होतात. तलाठी किंवा पोलीस भरतीचा अभ्यास करणारेही पुढे तेच विचारतात, फक्त टक्केवारीच्या भाषेत. इथे आवर्ती आकडे टिंबे देऊन लिहिले आहेत (०.६३६३…). वहीत तुम्ही आवर्ती अंकांवर आडवी रेघ किंवा टिंब द्या. शोधायची संख्या ‘क्ष’ मानली आहे.

आवर्ती दशांश कशाला म्हणायचे? अपूर्णांक पाहूनच ते ओळखता येते का?

भागाकार करताना बाकी शून्य आली तर दशांश तिथेच संपतो. तो खंडित. बाकी कधीच शून्य होत नसेल तर आधी येऊन गेलेली एखादी बाकी पुन्हा येते आणि तिथून पुढे तेच अंक त्याच क्रमाने येत राहतात. तो अखंड आवर्ती. बाकी पुन्हा येणार हे नक्की, कारण ७ ने भागताना बाकी १ ते ६ एवढ्याच शक्य आहेत. सातव्या वेळी आणणार कुठून?

ओळखायची खूण छेदात असते. अपूर्णांक आधी संक्षिप्त रूपात आणा आणि छेदाचे मूळ अवयव पाडा. फक्त २ आणि ५ मिळाले तर दशांश खंडित, दुसरा कोणताही मूळ अवयव असला तर आवर्ती. ‘आधी संक्षिप्त’ ही अट विसरू नका. ९/१२ च्या छेदात ३ दिसतो, पण तो अपूर्णांक ३/४ आहे, म्हणजे ०.७५.

अपूर्णांक करायची पद्धत एकदा सावकाश सांगाल का?

०.६३६३… घेऊ.

क्ष = ०.६३६३…
आवृत्तीत दोन अंक आहेत, म्हणून १०० ने गुणू: १००क्ष = ६३.६३६३…
दशांश चिन्हानंतरची शेपटी दोन्हीकडे सारखीच आहे. वजा केली की उडते: ९९क्ष = ६३
क्ष = ६३/९९ = ७/११

अख्खी युक्ती एवढीच आहे. न संपणारी शेपटी त्याच शेपटीतून वजा करायची. कितीने गुणायचे हे पाठ करू नका. शेपट्या जुळतील इतक्याने गुणा.

आवृत्ती मध्येच सुरू होत असेल, जसे २.१३६३६…, तर?

बहुतेक चुका इथेच होतात. इथे १ एकदाच येतो, आवृत्ती ३६ ची आहे. आधी तो १ दशांश चिन्हाच्या डावीकडे न्यायचा, मग पूर्ण एक आवृत्ती न्यायची आणि या दोन ओळी वजा करायच्या.

१०क्ष = २१.३६३६…
१०००क्ष = २१३६.३६३६…
९९०क्ष = २११५
क्ष = २११५/९९० = ४७/२२

मुले १०००क्ष मधून थेट क्ष वजा करतात, मग शेपट्या जुळत नाहीत आणि उत्तर भलतेच येते. वजाबाकीनंतर दशांश चिन्ह शिल्लक दिसले तर चुकीच्या ओळी घेतल्या आहेत असे समजा.

आवृत्तीपूर्वी किती अंक येणार हेही छेदच सांगतो. २२ मध्ये २ एकदा आहे, म्हणून एक अंक. १२ मध्ये २ दोनदा आहे, म्हणून १/१२ = ०.०८३३… मध्ये आवृत्तीपूर्वी ० आणि ८ असे दोन अंक.

छेदात नऊच का येतात?

१० − १ = ९ आणि १०० − १ = ९९, म्हणून. पण या नऊंचे अवयव पाडले की मजा येते. ९९९ = २७ × ३७, म्हणून १/२७ = ०.०३७०३७… आणि १/३७ = ०.०२७०२७…, जणू दोघांनी एकमेकांचे कपडे घातलेत. ७ मात्र ९, ९९, ९९९, ९९९९, ९९९९९ यांपैकी कुणाचाच अवयव नाही. सहा नऊ लिहिले तेव्हा कुठे भाग जातो: ९९९९९९ = ७ × १४२८५७. म्हणूनच १/७ ची आवृत्ती सहा अंकांची, १४२८५७.

शाब्दिक उदाहरणात अपूर्णांक करायचाच कशाला? कॅल्क्युलेटर आहे की.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो वाजवी आहे. दशांशात छेद लपलेला असतो आणि शाब्दिक उदाहरण बहुतेक वेळा नेमका छेदाबद्दलच विचारते. कॅल्क्युलेटर तुम्हाला छेद दाखवत नाही.

हे उदाहरण पाहा. एका वर्गात ४० पेक्षा जास्त आणि ५० पेक्षा कमी विद्यार्थी आहेत. त्यांपैकी ०.५८३३… भाग मुली आहेत. मुली किती?

दशांश धरून बसलात तर ४१ पासून ४९ पर्यंत एकेक आकडा गुणून पाहावा लागेल. अपूर्णांक करा: १००क्ष = ५८.३३…, १०००क्ष = ५८३.३३…, ९००क्ष = ५२५, क्ष = ५२५/९०० = ७/१२. मुलींची संख्या पूर्णांकातच असणार, तेव्हा वर्गाची संख्या १२ च्या पटीत हवी. ४० आणि ५० च्या मधे १२ ची पट एकच, ४८. मुली २८. या उदाहरणात एकूण संख्या कुठेही दिलेली नव्हती. ती छेदातून मिळाली.

(‘सातबारा’ म्हटल्यावर दर वेळी कुणीतरी हसतेच. जमिनीचा सातबारा हा अपूर्णांक नव्हे. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून तो उतारा होतो.)

आता जमिनीचा विषय निघालाच आहे तर दुसरे उदाहरण. तीन एकर शेतात एका भावाचा हिस्सा ०.४१६६… आहे. त्याला किती गुंठे मिळतील?

एक एकर म्हणजे ४० गुंठे, तेव्हा एकूण १२० गुंठे. ०.४१६६… = ३७५/९०० = ५/१२. हिस्सा १२० × ५/१२ = ५० गुंठे, म्हणजे १ एकर १० गुंठे. कुणी ‘०.४१ धरू’ म्हणाले तर ४९.२ गुंठे होतात. गेलेले ०.८ गुंठे म्हणजे सुमारे ८७१ चौरस फूट, कारण एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा. शहरात एवढ्या जागेत घर होते, आणि गावात बांधावरून दोन पिढ्या बोलणे बंद होते. ०.४२ धरले तर ५०.४ गुंठे, मग तक्रार दुसऱ्या भावाची.

तिसरे, नळाचे. एक नळ तासाला टाकीचा ०.१६६… भाग भरतो, दुसरा ०.०८३३… भाग. दोन्ही सोडले तर टाकी किती तासांत भरेल? १/६ + १/१२ = ३/१२ = १/४, म्हणून ४ तास. दशांशातही बेरीज ०.२५ च येते, पण ०.१७ + ०.०८ अशी गोळाबेरीज करून. तिथे दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतले. दर वेळी त्या इतक्या समजूतदार नसतात.

‘अंश आणि छेद यांची बेरीज ५४, दशांश रूप ०.६३६३…’ हे उदाहरण माझे चुकते. का?

०.६३६३… = ७/११ इथपर्यंत तुमचे बरोबर येत असणार. मग ७ + ११ = १८ आले, ५४ नाही, म्हणून घोळ होतो. दशांशातून मिळतो तो संक्षिप्त अपूर्णांक. मूळ अपूर्णांक त्याचा कोणताही सममूल्य असू शकतो. म्हणून अंश ७म आणि छेद ११म माना. १८म = ५४, म = ३, अपूर्णांक २१/३३. वहीत ‘सममूल्य अपूर्णांक’ हे दोन शब्द लिहा, तपासणाऱ्याला तुमचा विचार कळतो.

उदाहरणात ०.३३ दिले असेल तर १/३ धरावे का?

टिंबे, रेघ किंवा ‘आवर्ती’ हा शब्द नसेल तर नाही. ०.३३ म्हणजे ३३/१००. आता खरे सांगायचे तर काही सराव पुस्तकांत ‘३३.३३% सूट’ असे छापतात आणि उत्तर मात्र १/३ धरून काढतात. अशा वेळी पर्याय पाहा. किंमत ३ ने भाग जाणारी दिली असेल (१,२०० रुपये, ४५० रुपये) तर लिहिणाऱ्याच्या मनात १/३ च होता. हा गणिताचा नियम नाही, परीक्षेतला शहाणपणा आहे.

बोनसचा ८.३३ टक्के हा विचित्र आकडा कुठून आला?

१/१२ वरून. वर्षाचे बारा पगार, त्यांतला एक बोनस. १/१२ म्हणजे ८.३३३… टक्के. १९६५ च्या बोनस कायद्यात नंतरच्या दुरुस्तीने किमान बोनसचा दर ८.३३ टक्के असा दोन दशांश स्थळांवर कापून आला. महिना ७,००० रुपये धरले तर वर्षाचे ८४,०००. १/१२ ने बरोबर ७,००० येतात, ८.३३ टक्क्यांनी ६,९९७ रुपये २० पैसे. फरक २ रुपये ८० पैशांचा.

भविष्यनिर्वाह निधीच्या पावतीत हाच आकडा पुन्हा भेटतो. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात. १५,००० वर हिशेब केला तर १,२४९ रुपये ५० पैसे येतात आणि पूर्ण रुपयांत ते १,२५० धरतात. योगायोग असा की १५,००० चा बारावा भागही नेमका १,२५० च आहे.

स्पर्धा परीक्षेत टक्केवारीची उदाहरणे झटपट कशी सोडवायची?

थोडेच अपूर्णांक जिभेवर हवेत: १६.६६…% म्हणजे १/६, १४.२८५७…% म्हणजे १/७, ११.११…% म्हणजे १/९, ९.०९०९…% म्हणजे १/११, ८.३३…% म्हणजे १/१२, ६.६६…% म्हणजे १/१५. यांच्या पटी आपोआप येतात. ८३.३३…% दिसले की ५/६.

नेहमीचे उदाहरण: साखरेचा भाव १६.६६…% वाढला. खर्च तेवढाच ठेवायचा तर खप किती टक्के कमी करावा? भाव ६ चा ७ झाला, म्हणजे ७/६ पट. खप ६/७ पट व्हायला हवा. कपात १/७, म्हणजे १४.२८५७…%. दशांशात हे करायला गेलात तर १०० ला ११६.६६ ने भागत बसाल आणि शेजारच्याचा पुढचा प्रश्न होऊन जाईल.

क्रिकेटच्या रन रेटमध्ये आवर्ती दशांशाचा काय संबंध?

थेट संबंध आहे. धावफलकावरचे १९.२ हे दशांश नव्हेच. १९ षटके आणि २ चेंडू असा त्याचा अर्थ. षटकात चेंडू सहा, म्हणून ते १९ २/६, म्हणजे ५८/३, दशांशात १९.३३… षटके.

उदाहरण: पहिल्या संघाने २० षटकांत १७३ धावा केल्या. दुसऱ्याने १९.२ षटकांत १७४ करून सामना जिंकला. जिंकणाऱ्याचा त्या सामन्यातला नेट रन रेट किती?

आपला वेग: १७४ ÷ ५८/३ = १७४ × ३/५८ = ९. बरोबर ९, शेपटी नाही.
समोरच्याचा वेग: १७३/२० = ८.६५.
नेट रन रेट ९ − ८.६५ = ०.३५.

१७४ ला थेट १९.२ ने भागले तर ९.०६२५ येते. ते साफ चूक. १९.३३ ने भागले तर ९.००१५ च्या आसपास, म्हणजे ‘जवळपास’. गुणतक्त्यात दोन संघ दशांशाच्या तिसऱ्या स्थळावर अडलेले असताना जवळपास चालत नाही. एक खाचखळगा लक्षात ठेवा. संघ सर्वबाद झाला तर त्याने खेळलेली षटके न धरता त्याच्या वाट्याची पूर्ण षटके धरतात.

बिलात १८ टक्के जीएसटी धरलेला असेल तर मूळ किंमत कशी काढायची?

आधी एक गैरसमज: बिलाचे १८ टक्के वजा करायचे नसतात. कर मूळ किमतीवर लागलेला आहे. मूळ १०० तर बिल ११८, म्हणून मूळ किंमत = बिल × १००/११८ = बिल × ५०/५९.

बिल १,४७५ रुपयांचे असेल तर १४७५/५९ = २५, आणि २५ × ५० = १,२५०. कर २२५.

५०/५९ दशांशात लिहायचे धाडस करू नका. ५९ च्या आवृत्तीत ५८ अंक असतात. कॅल्क्युलेटर ०.८४७४५७६ वर थांबतो आणि त्यात आवृत्ती आहे याचा पत्ताही लागत नाही. कुणी ‘सरळ ०.८५ ने गुणा’ म्हणाले तर १,२५३ रुपये ७५ पैसे येतील.

०.९९९… म्हणजे खरेच १ का? मला पटत नाही.

क्ष = ०.९९९…, १०क्ष = ९.९९९…, ९क्ष = ९, क्ष = १. पद्धत तीच, आणि ०.६३६३… ला ती तुम्ही मुकाट्याने मान्य केलीत.

तरी मन अडते, कारण नऊ ‘एकापर्यंत पोचत आहेत’ असे आपण समजतो. ते कुठे जात नाहीत, सगळे नऊ आधीच तिथे आहेत. पटत नसेल तर १ आणि ०.९९९… यांच्या मधली एखादी संख्या सांगून पाहा. किंवा १/३ = ०.३३३… दोन्ही बाजूंनी ३ ने गुणा. अकरावीत गुणोत्तर श्रेढीच्या अनंत पदांची बेरीज येते, तिथे हेच अधिक काटेकोरपणे दिसते: पहिले पद ०.९, गुणोत्तर ०.१, बेरीज ०.९/०.९ = १.

π = २२/७ घेतो, मग π आवर्ती का नाही?

कारण π हा २२/७ नाही. २२/७ = ३.१४२८५७१४२८५७… हा आवर्ती आहे. π = ३.१४१५९… तिसऱ्या दशांश स्थळालाच वेगळा होतो. तो अपरिमेय आहे, म्हणजे कोणत्याही अपूर्णांकात लिहिता येत नाही, हे गणितज्ञ लॅम्बर्टने १७६१ मध्ये सिद्ध केले. चाकाच्या आणि टाकीच्या उदाहरणांत त्रिज्या ७, १४, २१ अशी का असते, हे आता कळले असेल.

पूर्वीच्या लोकांना ही कटकट होती का?

बरीच कमी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (म्हणजे साडेतीनचा पाढा) हे सगळे पाव आणि अर्ध्याचे खेळ. छेदात २ शिवाय काही नाही, म्हणून आवृत्तीही नाही.

आणि तिघांत रुपया वाटायचा तर? रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, एकूण १९२ पै. तिसरा हिस्सा ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै, अगदी चोख. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि तिसऱ्या हिश्श्याला ३३.३३… ची शेपटी फुटली. १९२ मध्ये ३ होता, १०० मध्ये नाही. हिस्सा तोच राहिला, मोजायचे माप तेवढे बदलले.

१४२८५७ या आकड्याबद्दल इतके का बोलतात?

त्याला २, ३, ४, ५, ६ ने गुणा: २८५७१४, ४२८५७१, ५७१४२८, ७१४२८५, ८५७१४२. तेच अंक त्याच क्रमाने गोल फिरतात. भागाकारातल्या सहाही बाक्या एकाच चक्रात येतात म्हणून हे घडते. सातने गुणा, ९९९९९९.

देवळालीत शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या नावाच्या संख्यांतही तो बसतो. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून मिळवा, पुन्हा १४२८५७. ज्याचा वर्ग असा तोडून मिळवल्यावर मूळ संख्या परत येते ती कापरेकर संख्या. ९ आणि ९९ सुद्धा त्यातलेच: ८१ चे ८ + १, ९८०१ चे ९८ + ०१.

सरावाला काही द्या, उत्तरांसह.

एक: अपूर्णांकाचे दशांश रूप ०.२७२७… आहे, छेद अंशापेक्षा २४ ने मोठा आहे. अपूर्णांक कोणता?

दोन: एसटीत ४० पेक्षा जास्त आणि ६० पेक्षा कमी प्रवासी आहेत. ०.४६६… भाग महिला आहेत आणि त्यांना अर्धे तिकीट आहे. बाकी सगळ्यांचे पूर्ण तिकीट ६० रुपये. वाहकाकडे किती पैसे जमले?

तीन: संघाने १५.४ षटकांत १४१ धावा केल्या. षटकामागे किती?

चार: ५ टक्के जीएसटीसह बिल १,२६० रुपये. मूळ किंमत?

उत्तरे: ९/३३, २,०७० रुपये (४५ प्रवासी, २१ महिला), ९ धावा, १,२०० रुपये. तिसऱ्याचे उत्तर ९.१६ च्या आसपास आले असेल तर क्रिकेटचा प्रश्न पुन्हा वाचा.